गाडीचा एसी कधी गार, कधी गरम : निदान कसं करायचं?



उन्हाळी सुट्टी लागली की आपल्या गाड्या रस्त्यावर येतात. कुणी लग्नाला निघतं, कुणी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे छत्रपती संभाजीनगरला नेतं, कुणी लेकरांना मामाच्या गावाला सोडायला जातं. आपल्या जालना जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, हे नव्याने सांगायला नको. अशा उन्हात निघताना एसी मस्त गार असतो आणि बदनापूर येईपर्यंत गरम वारा फेकायला लागतो. मागच्या सीटवर म्हातारी माणसं आणि लहान मूल असेल तर ही नुसती गैरसोय राहत नाही, तब्येतीचा प्रश्न होतो.

एसी पूर्ण बंद पडला तर एक बरं असतं, दोष समोर दिसतो. खरा त्रास देतो तो "कधी चालतो, कधी नाही" असा एसी. गॅरेजला नेला की तो शहाण्या मुलासारखा चालतो. मिस्त्री म्हणतो, "सर, चालू तर आहे की!" मग काहीतरी करायचं म्हणून गॅस भरला जातो, आपण पैसे देतो, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच.

हा लेख तुम्हाला मेकॅनिक करण्यासाठी नाही. गॅरेजला जाण्याआधी आपण काय बघावं आणि तिथे काय सांगावं, एवढंच यात आहे.

आधी निदान, मग उपचार

हे सूत्र आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. वजाबाकी कधी बरोबर, कधी चूक करणाऱ्या मुलाला आपण लगेच शंभर गणितं देत नाही. आधी बघतो की कोणती गणितं चुकतात. हातच्याची? मध्ये शून्य असलेली? की फक्त शाब्दिक? चुकांचा नमुना सापडला की अर्धं काम झालं. त्यालाच आपण निदानात्मक चाचणी म्हणतो आणि उपचारात्मक अध्यापन त्यानंतर येतं.

एसीचंही तसंच आहे. "एसी नीट चालत नाही" हे निदान नव्हे, ती तक्रार झाली. "गाडी चालताना गार, सिग्नलला उभी राहिली की गरम" हे निरीक्षण झालं. निरीक्षण बरोबर असेल तर मिस्त्रीचे दोन तास आणि तुमचे दोन हजार वाचू शकतात.

एसी काम कसं करतो?

माठातलं पाणी गार का होतं, हे आपण परिसर अभ्यासात शिकवतो. माठाच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते. वाफ होताना उष्णता लागते आणि ती उष्णता माठातल्या पाण्याकडून घेतली जाते. गाडीचा एसी म्हणजे हाच माठ, फरक इतकाच की यातला द्रव वाया जात नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल-गोल फिरत राहतो.

बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. त्याच्या फेरीत चार थांबे आहेत :

१) कॉम्प्रेसर : इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप. गॅस दाबतो, त्यामुळे तो खूप गरम होतो.

२) कंडेन्सर : रेडिएटरच्या पुढे असलेली जाळी. इथे गरम गॅस आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो, म्हणजे संघनन.

३) एक्स्पान्शन व्हॉल्व्ह : अगदी बारीक छिद्र. इथून द्रव पुढे गेला की दाब एकदम कमी होतो.

४) कूलिंग कॉइल : डॅशबोर्डच्या आत असते. कमी दाबाला द्रव उकळतो, म्हणजे बाष्पीभवन. त्यासाठीची उष्णता तो गाडीतल्या हवेतून घेतो. ब्लोअरचा पंखा तीच गार हवा आपल्या तोंडावर सोडतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. बाहेर ४२ अंश असताना कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकायची, तर त्यातला गॅस त्याहून बराच गरम असावा लागतो आणि जाळीवरून भरपूर वाराही जावा लागतो. म्हणून थंडीत न दिसणारा दोष मे महिन्यात उघडा पडतो.

प्रत्येक बंद होणं म्हणजे बिघाड नाही

कॉम्प्रेसर सतत चालत नाही. कूलिंग कॉइल पुरेशी गार झाली की तो आपोआप सुटतो आणि थोड्या वेळाने पुन्हा लागतो. "टक्" असा आवाज येतो तो त्याच्या क्लचचा. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे हा आवाज येणार नाही. चौका घाट चढताना किंवा ट्रकला ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला तर काही गाड्यांत संगणक स्वतःच काही सेकंद एसी सोडतो, म्हणजे इंजिनची सगळी ताकद चाकांना मिळते. गाडीखाली पाणी ठिबकतं तेही नैसर्गिक आहे. ते हवेतलं बाष्प आहे, गॅस नव्हे.

पहिला प्रश्न : वारा येत नाही, की गार येत नाही?

इथूनच दोन रस्ते फुटतात, म्हणून हे आधी ठरवा.

वाराच येत नसेल तर बहुधा दोष ब्लोअरकडचा आहे, गॅसचा नाही. ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो आणि एक-दोन-तीनवर बंद राहतो, अशा वेळी बऱ्याच साध्या एसीच्या गाड्यांत ब्लोअरचा रेझिस्टर गेलेला असतो. खड्ड्यात आदळली की ब्लोअर चालू-बंद होत असेल तर प्लग सैल झालेला किंवा वितळलेला असू शकतो.

वारा भरपूर येतो पण गरम येतो, असं असेल तर पुढचे नमुने वाचा.

नमुना पहिला : चालताना गार, थांबल्यावर गरम

अंगारकी चतुर्थीला राजूरच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते, तेव्हा हा दोष हमखास दिसतो. गाडी पळताना समोरचा वारा कंडेन्सरवर आदळतो, म्हणून काम भागतं. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं असतं. पंखा बंद असेल, हळू फिरत असेल किंवा जाळी चोंदली असेल तर उष्णता बाहेर जात नाही. नळीतला दाब वाढत जातो आणि सुरक्षेसाठी बसवलेला स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. दाब उतरला की पुन्हा चालू. म्हणून तो "कधी कधी" वाटतो.

आपल्याकडे जाळी चोंदायला कारणं भरपूर आहेत. कच्च्या रस्त्याचा फुफाटा, कापसाच्या हंगामातला उडता कापूस, किडे, वाळलेलं गवत. तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एसी चालू, एक जण स्टिअरिंगवर बसलेला. दुसऱ्याने लांबूनच पुढचा पंखा फिरतो का ते बघायचं. हात, ओढणी, उपरण्याचं टोक जवळ न्यायचं नाही, कारण हा पंखा न सांगता सुरू होतो. मग समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. लगेच गारवा वाढला तर संशय कंडेन्सर आणि पंख्यावर पक्का होतो. जोराच्या प्रेशरने धुऊ नका, जाळीची पातळ पाती वाकतात.

नमुना दुसरा : आधी छान, तासाभराने वारा कमी होत जातो

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्यातून दोन-दोन तास न थांबता गाडी चालवणं नेहमीचं झालं. असा लांबचा प्रवास हा नमुना दाखवतो. ब्लोअरचा आवाज तेवढाच असतो, पण तोंडावर वारा लागत नाही. एसी पंधरा मिनिटं बंद ठेवला की सगळं ठीक होतं.

याचा अर्थ कूलिंग कॉइलवर बर्फ साचतोय. फ्रीझरमध्ये साचतो तसाच. बर्फ वाऱ्याची वाट अडवतो. एसी बंद केल्यावर तो वितळतो. कारणं साधारण दोन. एक, केबिनचा एसी फिल्टर धुळीने भरलेला, म्हणून कॉइलवरून वारा कमी जातो. दोन, कॉइलचं तापमान बघून कॉम्प्रेसर बंद करणारा सेन्सर बिघडलेला. पहिल्याची तपासणी घरी होते. बऱ्याच गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला.

नमुना तिसरा : वारा पूर्ण येतो, पण मध्येच गरम होतो, मग पुन्हा गार

हा दुसऱ्यासारखा वाटतो, पण फरक वाऱ्यात आहे. इथे वारा कमी होत नाही. नुकतंच गॅसचं काम झालेलं असेल आणि त्यानंतर हे सुरू झालं असेल, तर नळ्यांमध्ये ओल राहिल्याचा संशय घ्यावा. पाण्याचा कण एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठतो, वाट बंद होते. थोड्या वेळाने वितळतो, वाट उघडते. म्हणूनच गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम मशीन लावून आतली हवा आणि ओल काढून टाकायची असते, आणि ओल शोषणारा ड्रायर जुना झाला असेल तर बदलायचा असतो.

नमुना चौथा : सकाळी चालतो, दुपारी इंजिन तापलं की सुटतो

कॉम्प्रेसरचा क्लच हा विद्युतचुंबक आहे. खिळ्यावर तार गुंडाळून सेल जोडण्याचा प्रयोग आठवा. चुंबक आणि टाचण्या यांच्यातलं अंतर वाढलं की टाचण्या उचलत नाहीत. क्लचमध्ये हे अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. वर्षानुवर्षं घासून ते वाढतं. त्यात तार तापली की तिचा रोध वाढतो, प्रवाह कमी होतो आणि चुंबकाची ओढ कमी पडते. मग गार इंजिनवर लागणारा क्लच तापल्यावर लागत नाही. अशा वेळी नवा कॉम्प्रेसर घ्या असं कुणी म्हणालं, तर "क्लचचा गॅप मोजला का?" हा प्रश्न आधी विचारा. काही गाड्यांत गॅप नीट करून किंवा फक्त क्लच बदलून काम होतं.

अशाच तापण्याने रिलेही दगा देतो. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, उदाहरणार्थ हॉर्नचा, तर गाडी बंद करून दोघांची अदलाबदल करून बघता येते. नंबर तंतोतंत सारखा असेल तरच.

नमुना पाचवा : दर काही सेकंदांनी टक्-टक्, गारवा अर्धवट

गॅस कमी झाला की दाब पटकन घसरतो आणि कमी दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. दाब जरा वाढला की पुन्हा सुरू. हा नमुना असेल तर गॅसची शंका रास्त आहे. पण गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद फेरीत फिरतो. फार हळू, वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहेच. नळीच्या जोडावर तेलकट डागावर धूळ चिकटलेली दिसली तर ती जागा मिस्त्रीला दाखवा.

नमुना सहावा : खड्ड्यात आदळली की चालू-बंद

सैल प्लग, गंजलेलं अर्थिंग किंवा उंदराने कुरतडलेली वायर. गाडी धान्याच्या किंवा कडब्याच्या जवळ उभी राहत असेल तर बोनेट उघडून बघाच. कुरतडलेलं प्लॅस्टिक आणि लेंड्या दिसतात.

नमुना सातवा : एसी गरम आणि इंजिनचा काटाही वर

हा एसीचा बिघाड समजू नका, तो इशारा आहे. इंजिन तापलं की बऱ्याच गाड्या आपणहून एसी बंद करतात. गाडी सावलीत घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. गार झाल्यावर कूलंटची पातळी बघा.

निरीक्षण वही ठेवा

आपण मुलांच्या नोंदी ठेवतो, तशीच गाडीची एक पानाची नोंद आठ दिवस ठेवा. रकाने असे :

- तारीख, वेळ, बाहेर ऊन किती
- गाडी चालू होती की उभी, किती वेळ चालवली होती
- वारा कमी झाला की फक्त गरम झाला
- टक् आवाज आला का, किती वेळाने
- इंजिनचा काटा कुठे होता
- पुन्हा गार कशाने झाला : वेग घेतल्यावर, बंद ठेवल्यावर, की आदळल्यावर

एक साधा थर्मामीटरही ठेवा. ताप मोजायचा चालणार नाही, तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो. शाळेच्या विज्ञान पेटीतला घ्या. काचा बंद, आतली हवा फिरवायचं बटण चालू, ब्लोअर मध्यम, आणि मधल्या जाळीत थर्मामीटर. चांगल्या एसीत दहा-पंधरा मिनिटांनी तो बहुधा ८ ते १२ अंशांच्या जवळपास येतो. कडक उन्हात उभ्या गाडीत थोडा जास्त राहील. पण एकदा १० आणि एकदा २५ दाखवत असेल, तर वेळेसह लिहून ठेवा.

माझ्या ओळखीच्या एका सरांनी सलग तीन उन्हाळे गॅस भरून घेतला होता. दर वेळी थोडे दिवस बरं वाटायचं. चौथ्या वर्षी त्यांच्या मुलीने, सातवीत होती ती, सुट्टीचा उद्योग म्हणून अशी वही लिहिली. नऊ नोंदींपैकी आठ नोंदींत "गाडी उभी होती" असं आलं. ती वही बघून मिस्त्रीने गेज बाजूला ठेवला आणि आधी पंखा तपासला. पंख्याची मोटर तापली की अडकत होती. गॅस पूर्ण होता.

गॅरेजमध्ये काय विचारावं?

- गेज लावून दोन्ही बाजूंचे दाब दाखवा. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. जास्त दाबाची बाजू फार वर असेल तर कंडेन्सर, पंखा किंवा जादा भरलेला गॅस.
- गळती शोधली का? नायट्रोजन भरून दाब टिकतो का, हे बघता येतं.
- गॅस वजनाने भरणार की अंदाजाने? लहान गाडीत तो साधारण ३५० ते ५०० ग्रॅमच लागतो. नेमका आकडा बऱ्याचदा बोनेटखालच्या स्टिकरवर असतो. जास्त भरला तरीही एसी बिघडतो.
- व्हॅक्यूम किती वेळ ठेवला?
- बदललेला जुना भाग मला दाखवाल का?

हे प्रश्न भांडायच्या सुरात नकोत. चांगल्या मिस्त्रीला असा ग्राहक आवडतो, कारण त्याचंही काम सोपं होतं. आणि नळ्या आपण स्वतः कधीच उघडू नका. दाबाखालचा गॅस हातावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

पालकांसाठी तीन पक्के नियम

१) "दोन मिनिटांत आलो" म्हणून लेकराला बंद गाडीत ठेवू नका, एसी चालू असला तरी. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढू शकतं, आणि "कधी चालतो, कधी नाही" असा एसी नेमका तेव्हाच सुटेल.

२) लांबच्या प्रवासात आतलीच हवा सतत फिरवू नका. श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, चालकाला जडपणा आणि झोप येते. मधूनमधून काही मिनिटं बाहेरची हवा घ्या.

३) बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो.

एसीने वाटेतच दगा दिला तर दुपारी १२ ते ४ चा प्रवास टाळा, काचा उघडा, पाणी आणि ओआरएस जवळ ठेवा. म्हातारं माणूस गप्प झालं, गोंधळल्यासारखं बोलू लागलं, तर गाडी थांबवून सावली, ओला फडका आणि जवळचा दवाखाना, या क्रमाने हला.

वर्गासाठी

हाच विषय वर्गात नेता येतो. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळा, वारा घाला आणि दोन्हींतला फरक मुलांना वाचू द्या. बाष्पीभवनाने गारवा येतो हे त्यांना डोळ्यांनी दिसतं. १६ सप्टेंबरच्या ओझोन दिनालाही हा धागा जोडता येईल. १९८७ साली त्याच दिवशी मॉन्ट्रियल करार झाला आणि ओझोनचा थर विरळ करणारे जुने गॅस हळूहळू मागे पडले. आजचा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक ताकदीचा आहे. म्हणजे गळती न शोधता दर वर्षी गॅस भरणं आपल्या खिशाला महाग आहेच, पण ज्या उन्हाने आपण हैराण होतो त्यातही ते भर घालतं.

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. वहीचं एक पान आणि पेन्सिल गाडीच्या कप्प्यात ठेवा, आणि नोंदी घ्यायचं काम घरातल्या मुलांवर सोपवा. आठ दिवसांनी त्या नोंदी समोर ठेवून त्यांनाच विचारा, "सांगा बरं, दोष कुठे असेल?" उत्तर बरोबर येवो वा चूक, कारण देऊन बोलायची सवय लागेल. तुमच्या गाडीत यापेक्षा वेगळा नमुना दिसला असेल तर जरूर कळवा, इतरांनाही उपयोग होईल.